घाईघाईत कासव

सासऱ्यांचं कासव झालं यात चष्मेवाल्याचा दोष किती, यावर त्या घरात अजून एकमत नाही. बायकोच्या मते सगळाच्या सगळा. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या मते किंचित कमी, कारण काकू भिडस्त आहेत. स्वतः चष्मेवाल्याचं म्हणणं असं, की माणूस वैतागून काय वाटेल ते बोलतो. समोरच्यानं लगेच तसं व्हायचं असतं का?

सासरे आले होते चष्मा करून घ्यायला. जावयाचंच चष्म्याचं दुकान, तेव्हा दोन दिवसांत चष्मा नाकावर आणि तिसऱ्या दिवशी आपण आपल्या घरी, असा त्यांचा साधा बेत. सासरे म्हणजे बस आगारातले निवृत्त वाहतूक नियंत्रक. तोंडात शिट्टी धरून गाड्या वेळेवर सोडण्यात उभा जन्म गेलेला. त्यामुळे घाई त्यांच्या रक्तात होती म्हणण्यापेक्षा, घाईतच थोडंफार रक्त मिसळलेलं होतं म्हणणं बरं. पहिला घास गिळायच्या आत त्यांचा दुसरा घास तोंडाशी हजर असे. नाटकाला गेले तर शेवटच्या अंकात उठून दाराशी जाऊन उभे राहत, कारण 'नंतर गर्दी होते'. आजवर पाहिलेल्या एकाही नाटकाचा शेवट त्यांना ठाऊक नव्हता, पण एकदाही त्यांना गर्दी लागली नव्हती.

चष्मेवाला निवांत स्वभावाचा. दुकानाच्या पाटीवर 'सकाळी दहा वाजता उघडेल' असं लिहिलेलं होतं. कुठल्या सकाळी, ते लिहिलेलं नव्हतं. त्यातून दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, गिऱ्हाइकांचे चष्मे निदान उशिरा तरी होत, घरच्यांचे होतच नसत. दोन दिवसांचे पंधरा झाले, पंधराचा महिना झाला. रोज सकाळी चहाच्या कपाबरोबर प्रश्न यायचा, "झाला का चष्मा, जावईबापू?" आणि रोज उत्तर जायचं, "होईल हो, बाबा."

एके दिवशी सासरे म्हणाले, "होईल होईल करता करता माझे डोळे मिटतील. मग त्या काचा बसवा माझ्या फोटोला."

हे चष्मेवाल्याला लागलं. माणसानं कामचुकार म्हणावं, आळशी म्हणावं, पण काचा फोटोला बसवा म्हणजे धंद्याचाच अपमान. तो म्हणाला, "बाबा, जन्मभर नुसते पळालात. आता चार दिवस कासवासारखं जगून बघा की! काही बिघडत नाही."

सासऱ्यांनी अर्धा कप चहा तसाच ठेवला आणि ते खोलीत गेले.

आता या गृहस्थाच्या शब्दाला जगात किंमत किती? त्यानं हात केला तर बस थांबत नसे. त्यानं 'घासाघीस चालणार नाही' म्हटलं की गिऱ्हाईक खुर्ची ओढून घासाघिशीला बसे. अशा माणसाचा उभ्या आयुष्यात एकच शब्द खरा व्हावा, आणि तोही नेमका हा!

दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी खोलीतून "उठा, दिवस मावळायला आला!" ही नेहमीची आरोळी आली नाही. चष्मेवाला चहा घेऊन आत गेला. पलंगावर, उशीला डोकं टेकून, परातीएवढं एक कासव पडलेलं होतं. गळ्यात सासऱ्यांचा मफलर.

चष्मेवाल्याला आधी वाटलं, सासरे रागावून निघून गेले आणि जाताना निषेध म्हणून हे ठेवून गेले. त्यानं बायकोला हाक मारली. तिनं दारातूनच पाहिलं आणि किंचाळली, "बाबा!"

"अगं, कशावरून?"

"नजर बघा ना! तुमच्याकडे ज्या नजरेनं बघतायत, ती नजर जगात एकाच माणसाची आहे."

चष्मेवाल्यानं वाकून पाहिलं. शंकाच नव्हती. लग्न ठरलं त्या दिवशी सासऱ्यांनी त्याला याच नजरेनं न्याहाळलं होतं. त्याचे हात आपोआप जोडले गेले आणि तो म्हणाला, "चहा आणलाय, बाबा."

पहिली अडचण आली ती व्याकरणाची. 'ते' हा शब्द सासऱ्यांना चालतो आणि कासवालाही चालतो. घोळ होतो तो क्रियापदाशी. "अगं, ते पलंगावरून खाली उतरलं," असं तो बोलून गेला, तशी बायको स्वयंपाकघरातून उलथनं घेऊनच बाहेर आली. "उतरले म्हणा. पाठ कडक झाली म्हणून मान कमी होत नाही." त्यानंतर घरात ते उठले, ते सरकले, त्यांनी कोबीचं पान घेतलं, असंच बोलायचं ठरलं.

"आता शब्द मागे घ्या," बायको म्हणाली.

"घेतला."

"असा नाही. त्यांच्यासमोर."

चष्मेवाल्यानं कासवासमोर उभं राहून शब्द मागे घेतला. मग बसून घेतला. मग मोठ्यानं घेतला, कारण कासवांना ऐकू कमी येत असावं. तेवढ्यात वरच्या काकू कसलंसं भांडं परत करायला आल्या आणि सगळा प्रकार पाहून भांडं घेऊन तशाच बसल्या. काकूंना जगातल्या कुठल्याही गोष्टीचं आश्चर्य वाटत नसे. सल्ला मात्र लगेच सुचत असे.

"मनापासून म्हणा," काकू म्हणाल्या.

"मनापासूनच म्हणतोय!"

"चेहऱ्यावरून वाटत नाही हो तसं."

काकूंचं चुकत नव्हतं. मन मोठं लबाड असतं. त्या दिवशी चष्मेवाला कित्येक आठवड्यांनी पोटभर झोपला होता. वर्तमानपत्र घडी न मोडता त्याच्या हाती आलं होतं. न्हाणीघराच्या दारावर कोणी थाप मारली नव्हती. तोंड म्हणत होतं, "बाबा, माणसात या," आणि मन आतून म्हणत होतं, "या सावकाश."

तरी अपराधी वाटायचं ते वाटलंच. त्यानं त्याच दिवशी दुकानात बसून सासऱ्यांचा चष्मा पुरा केला. हलकी फ्रेम, स्वच्छ काचा, काम फक्कड झालं. आता घालायला कान नव्हते. त्यानं दोऱ्यानं बांधून पाहिला, पण चष्मा डोळ्यांपर्यंत गेला, की सासरे डोकं आत ओढून घेत. पूर्वी राग आला की ते पाठ फिरवून बसायचे. आता पाठीत शिरून बसायची सोय झाली होती.

पण स्वभाव गेला नव्हता. कासवाच्या पायांनी वेळेवर पोचायचं तर लवकर निघावं लागतं, आणि लवकर निघण्यात सासऱ्यांचा हात कोण धरणार? ते उजाडताच खोलीतून निघत आणि चष्मेवाल्याची निघायची वेळ होईपर्यंत बाहेरच्या दाराशी येऊन ठेपत. मग दारावर डोकं आपटत. टक. टक. टक. शिट्टीपेक्षा हे वाईट होतं, कारण शिट्टी वाजवणाऱ्याला कधीतरी दम लागतो. शेवटी चष्मेवाला त्यांना भाजीच्या पिशवीत घालून दुकानात नेऊ लागला. शेजारचा कुलूपवाला तर घाबरून विचारायला आला, "घरी सगळं ठीक आहे ना? तुम्ही आज पाटीवरच्या वेळेला आलात."

दुकानात कासव काचेच्या कपाटाखाली बसे आणि दाराकडे पाही. गिऱ्हाइकांना मौज वाटे. बायकाबापड्या वाकून विचारपूस करत, एक आजीबाई रोज काकडीचा तुकडा आणत. सासरे कधी नव्हे ते लोकप्रिय झाले. पण एक गिऱ्हाईक असं होतं, की ज्याचा चष्मा 'उद्या' व्हायचा होता आणि तो उद्या काही उजाडत नव्हता. त्यानं वैतागून वन्यप्राणी खात्याला फोन केला.

खात्याचे निरीक्षक आले. सभ्य गृहस्थ होते. आधी त्यांनी स्वतःच्या चष्म्याची सैल झालेली दांडी घट्ट करून घेतली, मग पिशवीतून कागद काढला.

"कासव पाळणं गुन्हा आहे, माहीत आहे ना?"

"पाळलेलं नाही, साहेब. ते राहायला आलेत."

"कोण?"

"सासरे."

निरीक्षकांनी कपाटाखाली पाहिलं. सासऱ्यांनी निरीक्षकांकडे पाहिलं. निरीक्षकांनी नकळत शर्टाचं वरचं बटण लावलं.

"किती दिवसांसाठी आलेत?"

"ते त्यांनी कधीच सांगितलेलं नाही."

"हं. मालकाचं नाव?"

"मालक असे कोणी नाहीत. उलट आम्हीच जरा त्यांच्या धाकात असतो."

"असं करा," निरीक्षक समजुतीच्या स्वरात म्हणाले, "तुमचे सासरे आहेत असा दाखला आणा. तोवर यांना निवारा केंद्रात ठेवतो. खायला-प्यायला उत्तम आहे. मोठं तळंसुद्धा आहे."

त्यांनी सासऱ्यांना उचलून टोपलीत ठेवलं. सासऱ्यांनी चारी पाय हवेत मारले, पण डोकं आत घेतलं नाही. शेवटपर्यंत जावयाकडे पाहत राहिले. चष्मेवाल्याला का कोण जाणे, त्या दिवशी ती नजर नेहमीची वाटली नाही.

घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. बाबांच्या पलंगावर बसून मफलरची घडी घालत राहिली. घडी घातली, मोडली, परत घातली.

"त्यांना पाण्याची भीती वाटते हो," ती म्हणाली. "लहानपणी विहिरीत पडले होते. बादलीतसुद्धा वाकून बघत नाहीत. आणि तिथे तळं आहे."

चष्मेवाला जेवला नाही. 'भूक नाही' असं तो म्हणाला. एरवी या वाक्यावर घरात हसू फुटलं असतं.

सकाळी दोघं दाखल्याच्या मागे लागली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "हे कासव आहे, एवढं मी लिहून देतो. नातं माझ्या अखत्यारीत नाही." माणसांचे डॉक्टर म्हणाले, "आधी रुग्णाला माणूस म्हणून आणा, मग मी तो माणूस असल्याचं लिहितो." फी मात्र दोघांनीही घेतली. काकूंनी सुचवलं, की बाबांचाच एखादा जुना फोटो द्यावा, आणि फोटोत ते माणूस दिसतायत, हे लक्षात आल्यावर त्या म्हणाल्या, "मग तोच द्या, साम्य पुष्कळ आहे."

फोटो घेऊनच दोघं निवारा केंद्रात गेली. तारेच्या कुंपणापलीकडे कासवंच कासवं. लहान, मोठी, चिखलानं माखलेली, सगळी एकाच कारखान्यातून निघाल्यासारखी. बायकोनं कुंपणाला धरून हाक मारली, "बाबा!" तशी तीन-चार कासवांनी माना वर केल्या. कोण कोणाचे बाबा होते, कोण जाणे. बायको रडकुंडीला आली.

"मलाच ओळखू येईनात हो!"

चष्मेवाला मात्र आत एकटक पाहत होता. रखवालदारानं नुकतीच पाल्याची टोपली रिकामी केली होती आणि कासवं तिकडे निघाली होती. पण झुंडीनं नाही. एकामागे एक. रांगेत. आणि रांगेच्या बाहेरून, एक कासव मागेपुढे करत होतं. मध्येच घुसणाऱ्याला डोक्यानं ढुशी देऊन मागे सारत होतं, रेंगाळणाऱ्याला मागून ढकलत होतं.

"ते बघ," चष्मेवाला म्हणाला. "ते बघ बाबा. गाड्या सोडतायत."

रखवालदार म्हणाला, "काल संध्याकाळपासून हे चाललंय, साहेब. इतकी वर्षं इथे आहे, कासवांची रांग कधी पाहिली नव्हती."

पण केंद्राच्या कचेरीत बसलेले निरीक्षक फोटो पाहूनही बधले नाहीत. शिस्त हा काही नात्याचा पुरावा होत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि तसं ते खोटंही नव्हतं. दोघांना रिकाम्या हातानं परतायची वेळ आली. बायको दरवाज्याकडे निघाली. चष्मेवाला कुंपणाशी थांबला. इकडेतिकडे कोणी नाही, असं पाहून तो तारेशी वाकला.

"बाबा," तो म्हणाला, "चुकलं माझं. घरी या. चष्मा झालाय. पहाटे हाका मारा, न्हाणीघराचं दार ठोका, काय हवं ते करा. घर फार गप्प झालंय हो. मला त्या घरात बोलणी खायची सवय लागली आहे."

इतक्या मनापासून तो जन्मात काही बोलला नव्हता. त्यानं डोळे मिटले, श्वास रोखला, आणि हळूच एक डोळा उघडून पाहिलं.

काहीही झालेलं नव्हतं. कासव पाल्याचं देठ चघळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच केंद्रातून फोन आला. रखवालदार कुजबुजत होता. "साहेब, ताबडतोब या. येताना कपडे आणा. कुंपणात एक म्हातारबुवा सापडलेत. अंगावर पोतं गुंडाळलंय आणि पाला उशिरा का आला म्हणून मला फैलावर घेतायत."

काकू पुढे आयुष्यभर सांगत राहिल्या, की हा त्यांच्याच सल्ल्याचा गुण, फक्त मनाला पोचायला एक दिवस लागला. खरं कारण कोणालाच कळलं नाही. सासऱ्यांनाही नाही.

दोघं धावत पोचली, तर निरीक्षकांच्या खोलीत सासरे पोत्यासकट खुर्चीवर ताठ बसलेले. बायकोनं त्यांच्या गळ्यात पडून रडून घेतलं. कपडे चढले. आता निघायचं, तर निरीक्षकांनी हात वर केला.

"एक कासव कमी भरतंय. ते तुम्ही परत करायला हवं."

"अहो साहेब, तेच हे!" चष्मेवाला म्हणाला.

"हे माणूस आहेत. माझ्याकडे जमा झालं होतं कासव."

"काल आम्ही हेच घसा फोडून सांगत होतो ना!"

"काल तुम्ही म्हणत होतात, की कासव हा माणूस आहे. आज म्हणताय, की माणूस हे कासव होतं. दोन्हींना दाखला लागतो."

निरीक्षकही घामाघूम झाले होते. वरती काय कळवायचं? कासव मेलं म्हणावं, तर मेलेलं कासव दाखवावं लागणार. चोरीला गेलं म्हणावं, तर पोलीस येणार. बराच वेळ विचार करून ते म्हणाले, "पळून गेलं असं लिहितो." लिहायला घेतलं आणि हात थांबला. "पण कासव पळालं, हे वरचे साहेब मान्य करतील का?"

भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलेले सासरे म्हणाले, "लिहा, 'अपेक्षेपेक्षा लवकर निघून गेलं'. आणि आटपा."

निरीक्षकांनी तसंच लिहिलं.

घरी परतताना सासरे कुणाच्या पुढे गेले नाहीत. मुलीबरोबर चालले. वाटेत एकदाच जावयाकडे वळून म्हणाले, "परवा तारेशी काय पुटपुटत होतात?"

"परवा नाही, काल. काही नाही, सहज."

"ऐकू येत होतं मला," सासरे म्हणाले, आणि परत मुलीबरोबर चालू लागले.

घरी काकू येऊन बसलेल्याच होत्या. सासऱ्यांना चष्मा दिला, त्यांनी तो घातला, चालेल अशी मान हलवली. चष्मेवाला दमून कोचावर टेकला. काकूंना राहवेना.

"कसं वाटत होतं हो, तसं झाल्यावर?"

सासऱ्यांनी जमिनीकडे पाहिलं.

"पाय दिसायचे," ते म्हणाले. "वरचं काही नाही, नुसते पाय. या पोरीचे पाय मी इतके दिवस बघत होतो. सकाळी ओट्याशी, मग मोरीशी, मोरीपासून दोरीशी, परत ओट्याशी. मला वाटायचं, आता टेकतील, आता टेकतील. टाचा फुटल्यात तिच्या."

बायकोनं पाय साडीत ओढून घेतले.

"तिच्या आईचे पाय कसे होते, ते काही केल्या आठवेना मला. पुढे चालायचो ना मी."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. चष्मेवाल्यानं वातावरण जरा हलकं करावं म्हणून विचारलं, "आणि माझे पाय, बाबा?"

"तुमचे दिसलेच नाहीत, जावईबापू. मला आधी वाटलं, तुम्ही घरी नसता. मग कळलं, की ते टीपॉयवर असतात."

काकू छताकडे पाहू लागल्या. चष्मेवाल्यानं टीपॉयवरचे दोन्ही पाय, फारसा आवाज न करता, खाली घेतले.

"चहा टाकते," म्हणून बायको उठली. सासरे म्हणाले, "तू बस." मग त्यांनी जावयाकडे पाहिलं. नजर तीच, जुनी. चष्मेवाला उठला. सासरेही गुडघ्यांवर हात ठेवून उठले आणि दोघं एकामागे एक स्वयंपाकघरात गेले.

आत बराच वेळ डब्यांची झाकणं उघडत-मिटत राहिली.

"साखर कुठे असते हो?" सासऱ्यांचा दबका आवाज आला.

"मला वाटलं, तुम्ही पाहिली असेल."

"मला पाय दिसत होते, जावईबापू. फळ्या नाही."

काहीतरी खाली पडलं आणि गडगडत लांबवर गेलं. काकू चटकन उठायला लागल्या. बायकोनं त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं.

"सापडेल त्यांना," ती म्हणाली, आणि पाय लांब करून कोचाला टेकली.